फोटो अपलोड करण्याआधी तो आपल्या हाताने लहान करावा

संकेतस्थळावर फोटो चढवताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तरच आपल्यापैकी बहुतेक जण तो लहान करतात. संदेश आला नाही, तर कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघालेली फाइल जशीच्या तशी वर जाते. ही सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. फोटो लहान करणे हा त्या फोटोविषयीचा शेवटचा महत्त्वाचा निर्णय असतो आणि तो फोटो काढणाऱ्याने किंवा चढवणाऱ्याने स्वतः घ्यावा.

हे मत माझ्या एका चुकीतून तयार झाले आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे होते. एका कार्यक्रमाचे ४० फोटो मी एकाच पानावर लावले. प्रत्येक फाइल साधारण ५ एमबीची होती. पानाच्या मांडणीत मी त्यांची रुंदी कमी केली, त्यामुळे ते दिसायला छोटे आणि नीटनेटके दिसत होते. प्रत्यक्षात पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर जवळपास २०० एमबी उतरत होते. माझे इंटरनेट वेगवान असल्यामुळे मला ते कधी जाणवलेच नाही. एका वाचकाने कळवले की पान अर्धेच उघडते आणि तेवढ्यात त्यांचा दिवसभराचा डेटा संपतो. ते वाचून मला मनापासून वाईट वाटले. मांडणीत फोटो लहान दाखवल्याने फाइल लहान होत नाही, ही साधी गोष्ट मी तोवर लक्षात घेतली नव्हती.

हिशेब अवघड नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारणपणे ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. पानावर त्याला ८०० पिक्सेल रुंदीची जागा असेल आणि अधिक घनतेच्या, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ठिपके असलेल्या पडद्यांसाठी आपण दुप्पट रुंदी धरली, तरी १६०० बाय १२०० पुरेसे होते. त्यात १९ लाख २० हजार ठिपके असतात, म्हणजे मूळ फोटोच्या एक षष्ठांशाहूनही थोडे कमी. शिवाय प्रश्न केवळ डाउनलोडचा नाही. ब्राउझर फोटो दाखवण्यासाठी तो पूर्ण उलगडतो आणि दर ठिपक्याला साधारण ४ बाइट लागतात. त्यामुळे तो मूळ फोटो उलगडल्यावर सुमारे ४८ एमबी मेमरी व्यापतो, तर लहान केलेला फोटो ८ एमबीच्या आत राहतो. जुन्या फोनवर पान अडखळते, त्यामागे हेही एक कारण असते.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ‘वेबसाठी फोटो ७२ डीपीआयचा करा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. डीपीआय हा आकडा छपाईसाठी असतो. एका इंचात किती ठिपके बसवायचे, एवढेच तो सांगतो. ४००० पिक्सेल रुंद फोटोवर ३०० ऐवजी ७२ लिहिले आणि पिक्सेल तेवढेच ठेवले, तर पडद्यावर काहीही बदलत नाही आणि फाइलही हलकी होत नाही. पाहायची ती पिक्सेलमधली रुंदी आणि उंची.

पिक्सेल कमी करणे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून हलकी करणे, वाढवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जेपेग हे फोटो साठवण्याचे १९९२ सालचे मानक चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून देते. पिक्सेल तेवढेच ठेवून साठवतानाची गुणवत्ता १०० पैकी २० पर्यंत उतरवली, तर हे चौकोन उघडे पडतात, आकाशात पट्टे दिसू लागतात आणि अक्षरांच्या कडांभोवती डाग येतात. म्हणून आधी फोटो क्रॉप करावा, म्हणजे त्याच्या नको असलेल्या कडा कापाव्यात, मग पिक्सेल कमी करावेत आणि शेवटी गुणवत्ता ७५ ते ८५ च्या दरम्यान ठेवून साठवावे. हे आकडे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखे नसतात, म्हणून साठवलेली फाइल एकदा डोळ्यांनी तपासावी. जेपेग प्रत्येक वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील जातो, त्यामुळे लहान प्रत नेहमी मूळ फाइलवरूनच करावी आणि तिला वेगळे नाव द्यावे. मूळ फाइलवरच लहान प्रत साठवली गेली, तर गेलेला तपशील परत मिळत नाही. मजकूर असलेल्या स्क्रीनशॉटसाठी मात्र पीएनजी हा तपशील न टाकता साठवणारा फाइलप्रकार अधिक योग्य ठरतो.

अनेक संकेतस्थळे फोटो आपोआप लहान करतात, मग आपण कष्ट का घ्यावेत, असे विचारले जाते. यंत्रणा बहुधा सर्व फोटोंना एकच माप लावते. फोटोत काय महत्त्वाचे आहे, हे तिला ठाऊक नसते. २५ माणसांची एक ओळ असलेला समूहाचा फोटो १६०० पिक्सेल रुंद केला, तर एका माणसाच्या वाट्याला खांद्यांसह जेमतेम ६४ पिक्सेल येतात आणि ८०० केला तर ३२; तेवढ्यात चेहरा ओळखू येत नाही. उलट एका फुलाचा फोटो १२०० पिक्सेलमध्येही पूर्ण समाधान देतो. बारीक रेघांचे कापड किंवा जाळी असेल, तर निष्काळजीपणे लहान केलेल्या फोटोत मुळात नसलेल्या लाटा उमटतात. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये फोटो लहान करण्याची बायक्युबिक किंवा लँक्झोस ही पद्धत निवडावी आणि नंतर अगदी हलके शार्पनिंग द्यावे, म्हणजे कडा थोड्या ठळक कराव्यात. फाइलमध्ये फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. तेही याच टप्प्यावर काढून टाकावेत, विशेषतः फोटो घरातला किंवा लहान मुलांचा असेल तर.

ते ४० फोटोंचे पान मी नंतर पुन्हा तयार केले. बहुतेक फोटो १६०० पिक्सेलचे आणि ३०० केबीच्या आसपास बसले, आणि संपूर्ण पान १२ एमबीच्या जवळ आले. समूहाचा फोटो तेवढा मी ३२०० पिक्सेल रुंद ठेवला आणि तो स्वतंत्र दुव्यावर दिला, म्हणजे ज्याला त्यात आपला माणूस शोधायचा आहे, त्यालाच ती मोठी फाइल उतरवावी लागेल.