बेबदो (दारुडा) म्हणून वाळीत टाकण्याआधी त्याच्या मेंदूत काय चालतं ते बघा

आमच्या गोव्यात, गावात कोणी दारूच्या आहारी गेला की घरच्यांना सल्ला मिळतो तो एकच. त्याच्याशी बोलणं बंद करा, जेवण वेगळं वाढा, लग्नकार्याला बोलवू नका, मग येईल आपोआप ठिकाणावर. पेडण्यात ऐका, डिचोलीत ऐका, फोंड्यात ऐका, सगळीकडे हेच. सल्ला देणारे वाईट नसतात, घरातल्या बाईचे हाल बघवत नाहीत म्हणूनच बोलतात. पण हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही, कारण गेल्या पन्नासेक वर्षांत मेंदूबद्दल जे कळलंय ते बरोबर याच्या उलटं सांगतं. मी हायस्कूलला सायन्स शिकवते, डॉक्टर नाही, पण विषय आमच्या घरातला आहे म्हणून मिळेल ते वाचत असते. पोस्ट मोठी झालीय, तरी वाचा.

1973 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं की मेंदूतल्या पेशींवर अफू, मॉर्फिन नेमकं जाऊन बसेल अशा जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. किल्ली बसावी असं कुलूपच म्हणा. मग साहजिक प्रश्न आला की अफूचं कुलूप माणसाच्या मेंदूत जन्मापासून कशाला? दोन वर्षांनी, 1975 ला, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना उत्तर सापडलं. मेंदू स्वतःच तसली रसायनं तयार करतो. एंडॉर्फिन हे नाव आता सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते याच कुटुंबातलं. पहिल्यांदा वाटलं की ही रसायनं फक्त दुखणं मारायला असतील, आणि तिथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं, खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

याक पँकसेप नावाचा एक शास्त्रज्ञ होता, त्याने 1978 च्या सुमाराला कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लू आईपासून, भावंडांपासून वेगळं केलं की ते केकाटतं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पँकसेपने त्यांना मॉर्फिनचा अगदी बारीक डोस दिला, गुंगी येणार नाही इतका कमी, आणि पिल्लांचं रडणं खूपच कमी झालं. म्हणजे कुशीत घेतल्यावर मेंदूत जे घडतं ते बाहेरच्या औषधाने घडवता आलं. पुढे 2004 ला उंदरांच्या अशा पिल्लांचा अभ्यास झाला ज्यांच्यात हे रिसेप्टर जन्मतःच नव्हते, तर ती आईपासून दूर केली तरी फारशी ओरडतच नव्हती, आणि आपल्या आईच्या वासाची ओढही त्यांना नव्हती. अमेरिकेच्या गवताळ भागात उंदरासारखा एक छोटा प्राणी असतो, व्होल, तो सहसा एकाच जोडीदाराबरोबर राहतो. त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिन (जवळीक जुळवणारं रसायन) किंवा डोपामिनचं (हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन) काम अडवलं तर जोडी जमत नाही, आणि हे अफूवाले रिसेप्टर बंद केले तरी जमत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आईची माया, मित्रांचा जीव, बायकोची ओढ आणि हेरॉइनची सुई, सगळं मेंदूत त्याच रस्त्यावरून जातं. दारूसुद्धा, कारण दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, पिणाऱ्याला ऊब वाटते, कोणीतरी आपलं असल्यासारखं वाटतं, आणि ज्याच्याकडे ते आपलं माणूस कमी पडलंय त्याला ते जास्तच गोड लागतं.

आता आपल्या तावेर्नात, म्हणजे गावातल्या दारूच्या गुत्त्यात, संध्याकाळी जाऊन बघा. तिथे चारजण एका बाकावर बसलेले असतात, एकाच्या हातात फेणीचा ग्लास, मध्ये चण्यांची बशी, कोणी मासळीच्या भावावर बोलतोय कोणी पंचायतीवर, आणि आत येणाऱ्याला नावाने हाक मारली जाते. त्या माणसाला घरात दिवसभरात कोणी नावाने हाक मारलीय का हो? आपण त्याला दारू सोड म्हणतो तेव्हा त्याच्याकडे उरलेली एकमेव सोबतही सोड म्हणतो आणि बदल्यात काही देत नाही. वर घरचेही बोलणं टाकतात. मग तो कुठे जाईल?

या प्रश्नाचं उत्तर देणारा एक प्रयोग आहे, माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा. मार्को वेनिरो, यावीन शहाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 ला तो प्रसिद्ध केला. उंदरांना आधी हेरॉइन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन, एक कडक नशेचं ड्रग) यांची चटक लावली. मग समोर दोन लिव्हर ठेवले, एक दाबला तर ड्रग मिळणार, दुसरा दाबला तर दार उघडून पलीकडचा उंदीर थोडा वेळ सोबतीला येणार. चटक लागलेल्या उंदरांनीही जवळपास प्रत्येक वेळी सोबतीचं दार निवडलं! पण पुढचा भाग लोक सांगायचा विसरतात. दार उघडायला उशीर व्हायला लागला, किंवा दार उघडण्याबरोबर शॉक बसायला लागला, की तेच उंदीर परत ड्रगकडे वळले. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मलाही कळतं, पण आपल्या घरांत काय होतं ते आठवा. माणूस एक दिवस न पिता घरी येतो आणि उंबऱ्यातच ऐकतो, "आज कशी काय आठवण झाली घराची?" शॉक याहून वेगळा काय असतो?

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, घुमट, म्हणजे मडक्याला चामडं बांधून केलेलं आमचं वाद्य, अतिशय सुंदर वाजवतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) आरतीच्या आधी तो घुमटाचं चामडं उन्हात तापवून बोटाने टिचक्या मारत बसलेला असतो, कान मडक्याजवळ नेऊन, आवाज मनासारखा ताणून येईपर्यंत कोणाला हात लावू देत नाही. चवथीच्या दिवसांत तो पीत नाही. घराघरांतून आरत्या, मागे शामेळ (ढोलकीसारखं वाद्य) आणि कासाळें (झांजा), लहान पोरं त्याच्या हाताकडे टक लावून बघतात, "भाई, आता आमच्याकडे" म्हणून ओढून नेतात. विसर्जन झालं की आठवड्याभरात परत बारमध्ये. घरचे म्हणतात, देवाच्या भीतीने राहतो. श्रद्धेचा भाग असेलच, मी नाकारत नाही, पण एकत्र गाण्याने आणि एकत्र हसण्याने माणसाची वेदना सोसायची ताकद वाढते हे रॉबिन डनबार नावाचा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय, आणि हसताना मेंदूत खरोखर एंडॉर्फिन सुटतं हे फिनलंडमध्ये स्कॅन करून बघितलंय. भाईला त्या दिवसांत जे दारूतून मिळवायचं असतं ते थोडंफार माणसांतून मिळतं असं मला ठामपणे वाटतं. चवथ संपते आणि ती माणसंही संपतात.

मायेने सगळं सुटतं असं मात्र मी म्हणत नाहीये, तो दुसरा मोठा गैरसमज. व्यसन जुनं झालं की मेंदू बदललेला असतो, डोपामिनची यंत्रणा नशेच्या नुसत्या चाहुलीवर पेटते. मार्चमध्ये सत्तरी तालुक्याच्या बाजूला गेलात तर काजूच्या भट्ट्या लागलेल्या असतात, कुजत आलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) तो आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो, तुम्हाआम्हाला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, सीझन आला इतकंच कळतं, पण सोडलेल्या माणसाचे हात त्या वासाने कापायला लागतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, त्यामुळे "आजपासून थेंब नाही" अशी शपथ देवळात घ्यायला लावण्याआधी डॉक्टर गाठा. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध हेच अफूवाले रिसेप्टर अडवतं आणि त्यामुळे पिण्यातली मजा कमी होते, हेरॉइनवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, ही खरी औषधं आहेत. भिंतीवर जाहिरात असते ती "न कळत दारू सोडवा" पावडर चहातून देणं मात्र कृपा करून बंद करा. त्यात डायसल्फिराम असलं आणि वरून तो प्यायला तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो, आणि त्याला कळलं तर घरच्यांच्या हातचा चहासुद्धा तो पुन्हा विश्वासाने घेणार नाही.

आणि जिथे मारहाण आहे तिथल्या बाईने सोसत राहावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. तिने आधी स्वतःला आणि पोरांना सुरक्षित ठेवावं. पण सोबत देण्याचं काम एकट्या बायकोचं आहे असं कोणी ठरवलं? भाऊ आहेत, शाळेतले मित्र आहेत, भजनी मंडळ आहे.

बोलण्याने फरक पडतो याचा पुरावा तर आपल्या गोव्यातलाच आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, अभिजीत नाडकर्णी, विक्रम पटेल वगैरे मंडळी त्यात होती, 2017 ला लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आला. ज्यांचं पिणं घातक पातळीला पोचलं होतं, पण पूर्ण आहारी गेले नव्हते, अशा 377 पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर थोडी प्रशिक्षित, डॉक्टर नसलेली साधी माणसं भेटून बोलली, जास्तीत जास्त चार वेळा. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा बोलणं झालेल्यांतले 42 टक्के मागचे 14 दिवस प्यायलेच नव्हते, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. जगभर हा अभ्यास वाचला जातो आणि आपल्याच वाड्यांवर लोकांना माहीत नाही याचं मला खूप वाईट वाटतं.

बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे व्यसनाचे उपचार होतात. फोनवर विचारायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि 14416 ही टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही फुकट आहेत, आणि पिणारा तयार नसला तरी घरचे स्वतःसाठी फोन करू शकतात.