डोळ्यातल्या गाठीला पोटाचं स्कॅन कशाला? खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा राग कळतो. तुमच्या मावसभावाच्या डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) रक्तवाहिन्यांची गाठ निघाली, तर डॉक्टरांनी मेंदू, मणका, पोट सगळ्याचे स्कॅन लिहून दिले, वर भावंडांचेही डोळे तपासा म्हणाले. या गाठीवरचा माझा लेख वाचून ‘ही लूट आहे आणि तुम्ही तिचीच री ओढता,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘लेसर मारला की विषय संपला’ हे मी त्या लेखात घाईत लिहिलं. लेसर चालतो तो लहान गाठीला, साधारण दीड मिलिमीटरपर्यंत, आणि तोही पुष्कळदा एका बैठकीत भागत नाही. त्याहून मोठी गाठ पडद्याच्या कडेला असली तर ती बाहेरून गोठवतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नसेवरच बसलेली असेल तर मात्र लेसरनं गाठीआधी नजर जायची, म्हणून तिथे डॉक्टर कधीकधी नुसतं लक्ष ठेवतात. तुम्ही पत्रात म्हणता त्या डोळ्यातल्या इंजेक्शननं सूज उतरते, गाठ सहसा जात नाही.

स्कॅनच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. ही गाठ कॅन्सरची नव्हे, पण ती एकटीच असेल असं नाही. १९०४ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ हिपेल यांनी डोळ्यातल्या या गाठींचं वर्णन केलं, १९२६ मध्ये स्वीडनचे डॉक्टर लिंडाऊ यांनी त्यांचा मेंदूतल्या गाठींशी संबंध दाखवला. दोघांच्या नावानं ओळखला जाणारा हा ‘फॉन हिपेल-लिंडाऊ’ आजार आनुवंशिक आहे. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मूत्रपिंडात याच आजारानं खरोखरचा कॅन्सर होऊ शकतो आणि तो बराच काळ दुखत नाही. पोटाचं स्कॅन त्यासाठी.

आमच्याच घरात हा आजार आहे. दादाच्या चष्म्याचा नंबर बेळगावात तीनदा बदलला, थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा कुणी पाहिलाच नाही. पाहिला तेव्हा तो जागेवरून सुटलेला होता. संमतीपत्र कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत, आणि आम्हाला मराठीत समजावणारा तिथला वॉर्डबॉय! स्क्रीनवर केशरी मण्यासारखी गाठ दिसत होती, तिला जोडलेल्या दोन रक्तवाहिन्या गांडुळासारख्या फुगलेल्या. मग माझा डोळा तपासला. टाचणीच्या डोक्याहून लहान ठिपका निघाला, दोन बैठकांत लेसरनं सुकला. हे उत्तर मी दोन्ही डोळ्यांनी लिहितोय. दादाचा डावा गेला तो गेलाच.

खर्चाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यावरचा उपाय मी मूळ लेखात लिहायला हवा होता. आधी मावसभावाच्या रक्ताची जनुक-तपासणी करून घ्या. दोष सापडला तर भावंडांच्या रक्तात नेमका तोच शोधायचा. ज्यांच्यात तो नाही, त्यांचे दरवर्षीच्या तपासणीचे हेलपाटे वाचले.

आणि पडदा तपासायला मावसभावाला एकट्याला मोटारसायकलवरून पाठवू नका. थेंब घातल्यावर चार-पाच तास ऊन डोळ्यांत खुपतं. एसटीनं जा, परतताना खिडकीचा पडदा ओढून घ्या.