लॉट एकच, मग तक्रारी पन्नास कशाला?

सोयाबीन उगवलं नाही की पुढचं सगळं ठरलेलंच. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनीचा माणूस बांधावर येतो, माती उकरतो आणि म्हणतो, "मामा, खोल पेरलंय तुम्ही." नाहीतर, "पावसाआधी घाई केली." मग एकाला बाजूला घेऊन दोन बॅगा बदलून देतो, दुसऱ्याला थोडे पैसे, तिसऱ्याला नुसता चहा. संध्याकाळपर्यंत गावाची तक्रार मिटलेली असते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात उगवणीची बोंब एवढी झाली की मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण दरवर्षी कोर्ट आपण होऊन थोडंच येणार?

रास्ता रोको आपण एकजुटीनं करतो. कागद मात्र ज्याचा त्यानं, तोही केला तर! ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३५ सांगतं की एकाच कारणानं नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीनं एक-दोघांनाही जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीनं तक्रार करता येते. ही सोय १९८६ च्या जुन्या कायद्यातही होती. शेतकरी ग्राहकच नाही, असं बियाणे कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत सांगत गेल्या. २०१२ मध्ये कोर्टानं ते फेटाळलं. सगळं बियाणं पेरून बसलेल्या शेतकऱ्यानं तपासणीसाठी नमुना कुठून आणायचा, हेही कोर्टानं लक्षात घेतलं.

मला एकत्र तक्रारीचा खरा फायदा वकिलाची फी वाटून घेण्यात दिसत नाही. फायदा पुराव्यात आहे. एका वावरात खोल पेरलं असेल, मान्य. पण एकाच लॉटचं, म्हणजे एकाच खेपेतलं, बियाणं काळ्या रानात उगवलं नाही, मुरमाड रानात नाही, तिफणीनं पेरलेलं नाही, ट्रॅक्टरनं पेरलेलंही नाही, तर सगळे शेतकरी एकदमच अडाणी झाले का? प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. ती का झाली नाही, याचं उत्तर मग कंपनीलाच द्यावं लागतं.

यात अडचणी आहेत. उधारीवर माल घेतला की पक्की पावती मागायला जीभ रेटत नाही, कारण खतही त्याच दुकानातून उचलायचं असतं. बियाण्याच्या तक्रारी बघणारी तालुक्याची समिती पंचनाम्याला येईपर्यंत दुबार पेरणीची वेळ निघून जाते, म्हणून लोक रान मोडून टाकतात आणि पुरावाही मोडतो.

तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. गेल्या खरिपाची पावती, पिशवीवरचा टॅग किंवा पंचनाम्याची प्रत ज्यांच्याकडं असेल त्यांनी कमेंटमध्ये गाव आणि लॉट नंबर तेवढा टाका. फोन नंबर टाकू नका. लॉट जुळले तर वकिलाकडं सगळे मिळून जाऊ.