पाव्हलॉव्हची घंटा, वॉटसनचं बाळ आणि "धाक बसवा" म्हणणारा मेसेज

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की पाव्हलॉव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घंटा वाजवून कुत्र्यांच्या तोंडाला पाणी आणलं आणि त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, त्यातून सिद्ध झालं की कुठल्याही दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आणल्या की मेंदू त्या आपोआप जोडतो, मग अमेरिकेत वॉटसनने एका बाळाच्या मनात आयुष्यभराची भीती बसवून दाखवली आणि सांगितलं की मला १२ मुलं द्या, म्हणाल ते बनवून देतो. आणि मग पालकांना सल्ला, की मूल लहान आहे तोवरच धाक बसवा, विज्ञान हेच सांगतं. हा सल्ला नसता तर मी सोडून दिलं असतं. पण लोक तो खरा मानून पुढे पाठवतायत आणि त्याची किंमत पोरं मोजणार, म्हणून एकेक मुद्दा घेते.

नोबेलचं आधी, कारण ते पटकन होईल. इव्हान पाव्हलॉव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हता, शरीरक्रियेचा अभ्यासक होता, आणि १९०४ चं नोबेल त्याला पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या लाळग्रंथीची नळी ऑपरेशन करून गालाबाहेर काढलेली असायची, म्हणजे लाळ किती आली ते थेंब मोजून कळायचं. काम चाललेलं पचनाचं, पण खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसतं दिसलं तरी लाळ सुटते हे त्रासदायक वाटावं इतकं वारंवार दिसायला लागलं, आणि मग त्याने पुढची तीसेक वर्षं त्याच गोष्टीच्या मागे घालवली. आपल्या पुस्तकांत ज्याला अभिजात अभिसंधान (क्लासिकल कंडिशनिंग) म्हणतात, म्हणजे एका खुणेवरून पुढे येणाऱ्या गोष्टीला आधीच प्रतिसाद द्यायला शिकणं, ते हे.

घंटेबद्दल हल्ली दुसऱ्या टोकाचाही मेसेज असतो की त्याने घंटा कधी वापरलीच नाही. तेही चूक. घंटा त्याच्या लिखाणात आहे, फक्त ती बऱ्याच साधनांपैकी एक होती. मेट्रोनोम (एका लयीत टकटक करणारं यंत्र), बझर, दिवा, कातडीला स्पर्श, विजेचा सौम्य झटका, असं बरंच काही वापरलं जायचं. घंटेवरच ज्याचा प्रयोग उभा होता तो माणूस वेगळाच, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एडविन ट्विटमायर. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो ना, त्याच्या आधी घंटा वाजवायची, आणि काही वेळाने नुसत्या घंटेनेच पाय उडायला लागला. १९०२ चा प्रबंध आहे, माणसांवर केलेला. १९०४ मध्ये त्याने तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला आणि कुणी फारसं लक्षच दिलं नाही. मला हे दरवेळी वाचताना वाईट वाटतं.

आता खरा मुद्दा, "कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आणा, मेंदू जोडतो". हे साफ चुकीचं आहे आणि ५०-६० वर्षांपासून माहीत आहे. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांना असं पाणी दिलं की ज्याला चव पण आहे आणि पिताना लाईट लागतो, आवाज पण होतो. काही उंदरांना नंतर मळमळेल असं केलं, काहींना पिताना शॉक दिला. मळमळलेल्यांनी ती चव टाळली, लाईट-आवाजाचं त्यांना काही नाही. शॉकवाल्यांचं बरोब्बर उलटं, लाईट-आवाज टाळला आणि चव चालली. म्हणजे सगळ्यांसमोर सगळं सारखंच होतं पण जोडलं गेलं ते जे पोटाशी जातं ते पोटाशी आणि जे बाहेरच्या धोक्याशी जातं ते धोक्याशी. प्राणी जन्मतःच कोरी पाटी घेऊन येत नाही.

आणि "पुन्हा पुन्हा" चं काय? रॉबर्ट रेस्कोर्लाचा १९६८ चा प्रयोग मी शिकवताना फळ्यावर आकृती काढून दाखवते, कारण तो एकदा डोक्यात बसला की या विषयाकडे बघायची नजरच बदलते. उंदरांच्या दोन गटांना आवाज चालू असताना शॉक बसायचा, आवाजासोबत शॉक बसायची शक्यता दोघांनाही सारखीच. फरक एवढाच की दुसऱ्या गटाला आवाज नसतानाही त्याच प्रमाणात शॉक बसत होते. पहिला गट आवाजाला घाबरायला लागला, दुसरा नाही. का घाबरेल, आवाज झाला काय नि नाही काय, शॉक येण्याची शक्यता तेवढीच. त्याच सुमाराला लिऑन कॅमिनने दाखवलं की आवाजाने शॉकची सूचना आधीच मिळत असेल आणि मग सोबत लाईटही लावायला लागलो, तर उंदीर लाईटकडून जवळपास काहीच शिकत नाही, जोडी कितीदाही जमवा. कारण लाईट नवीन काही सांगतच नाही. उंदीर जोड्या मोजत बसत नाही, कशावरून काय होणार हे ओळखायला शिकतो. आता हे घरात लावून बघा. ज्या पोराला कशावरही, कधीही ओरडा बसतो त्याला नक्की काय केल्यावर ओरडा बसतो हे कळायला जागाच राहत नाही.

मग वॉटसनचं बाळ. जॉन वॉटसनने १९१३ मध्ये वर्तनवादाचा जाहीरनामाच लिहिला, की मनात काय चाललंय ते सोडा, दिसणारं वर्तन अभ्यासा, आणि त्या भूमिकेचं मोल मी नाकारत नाही. पण १९२० मध्ये रोझाली रेनरसोबत छापलेला "अल्बर्ट" चा प्रयोग लोकांनी मूळ वाचलेलाच नसतो. एकच बाळ, ११ महिन्यांचं, तुलनेला दुसरं कुणी नाही. पांढरा उंदीर पुढे आणायचा आणि मागे लोखंडी सळीवर हातोडा मारायचा, असं एकूण सात वेळा. बाळ घाबरलं, खरं आहे. पण दहा दिवसांनी भीती उतरलेली दिसली, म्हणून पुन्हा सळी वाजवून ती ताजी केली, आणि ससा नि कुत्रा दाखवतानाही सळी वाजवली, म्हणजे "उंदराची भीती आपोआप सगळ्या केसाळ गोष्टींवर पसरली" असं जे पाठ केलं जातं त्यातला पुरावा तिथेच गढूळ झाला. महिनाभराने तपासलं तेव्हा प्रतिक्रिया आणखी मिळमिळीत होत्या, सशाला तर त्याने ढकललंही आणि नंतर हातही लावला. त्यानंतर ते बाळ ज्या हॉस्पिटलमध्ये राहत होतं तिथून गेलं. मग आयुष्यभराची भीती कुणी, कधी तपासली? १९२९ मध्ये हॉरेस इंग्लिशने एका लहान मुलीला लाकडी बदकाची भीती बसते का ते याच पद्धतीने पाहिलं, ५० वेळा करूनही बसली नाही.

त्या बाळाची भीती घालवायचा प्रयत्नही कुणी केला नाही. तो १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सने केला, दुसऱ्या मुलांवर, आणि मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही याचा मला खरंच राग आहे. पीटर नावाने नोंदलेला जवळपास तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, दर वेळी थोडा जवळ, आणि न घाबरणारी इतर मुलं आसपास असायची. मध्ये तो आजारी पडला, एका कुत्र्याने घाबरवलं, सगळं मागे गेलं, तरी तिने पुन्हा सुरुवात केली आणि शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला. तिने बऱ्याच पद्धती ताडून पाहिल्या. चिडवणं, हसणं, लाज आणणं याने काम झालं नाही, नुसतं समजावूनही नाही. आवडत्या गोष्टीशी हळूहळू सांगड घालणं आणि न घाबरणाऱ्या मुलांची संगत, हे दोन उपाय चालले.

राहिली ती १२ मुलं. वॉटसनने तसं लिहिलंय, पण त्याच परिच्छेदात पुढे तो स्वतः कबूल करतो की मी हातातल्या पुराव्यापेक्षा जास्त बोलतोय, विरोधी बाजूचे लोकही हजारो वर्षं तेच करत आलेत. हे वाक्य नेमकं कापून मेसेज पुढे जातो. पुढे १९२८ मध्ये त्याने मुलांच्या संगोपनावर पुस्तक लिहिलं, त्यात मुलांना जवळ घेऊ नका, पापे घेऊ नका असे सल्ले होते आणि ते खूप खपलं. १९३६ मध्ये आत्मकथनात त्यानेच लिहिलंय की ते पुस्तक काढल्याचं मला वाईट वाटतं, हवं तसं पुस्तक लिहिण्याइतकं तेव्हा मला माहीतच नव्हतं.