‘नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गर्दीत सापडणाऱ्या माणसावर ओढवणाऱ्या कायदेशीर संकटाविषयीचा माझा लेख वाचून आपण लिहिलेत : ‘नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच सांगितले आहे, ज्याला वकिली येत नाही त्याने नाशिककरांना उगाच घाबरवू नये.’ बेकायदेशीर जमावातील एकाने समान उद्देशासाठी केलेल्या गुन्ह्याबद्दल प्रत्येक सदस्याला दोषी धरणारे भारतीय दंड संहितेचे कलम १४९ मी लेखात दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १९० आहे, ही आपण दाखवलेली चूक मान्य करून मी दुरुस्त केली आहे.

परंतु ‘उगाच घाबरवू नये’ हे शब्द मला लागले. मी वकील नाही आणि तसा आव मी कधी आणलेला नाही. मात्र नाशिकच्या जिल्हा न्यायालयात भावाच्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत मी नऊ वर्षे बसलो आहे. पंचवटीत झालेल्या एका मारामारीच्या वेळी तो मित्रांसोबत बाजूला उभा होता. त्याने कोणाला हात लावला नव्हता, तरी मोबाइलच्या चित्रीकरणात मारणाऱ्यांच्या मागे त्याचा चेहरा दिसला आणि दोषारोपपत्रात तो सातवा आरोपी झाला. अखेर त्याची निर्दोष मुक्तता झाली, पण तोवर चारित्र्य पडताळणीत दोन नोकऱ्या हातच्या गेल्या होत्या आणि वडील तो निकाल ऐकायला राहिले नव्हते. हे ज्याने पाहिले नाही, त्याने ‘उगाच’ हा शब्द जपून वापरावा.

आपण ज्याचा आधार घेता ते मीही वाचले आहे. केवळ निरागस उपस्थितीने कोणी बेकायदेशीर जमावाचा सदस्य ठरत नाही, असे मुसा खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणते. पण त्याच न्यायालयाने १९६४ मध्ये मसालती खटल्यात असेही सांगितले की, पाच किंवा अधिक जणांच्या अशा जमावाचा समान उद्देश ज्याने स्वीकारला, त्याने प्रत्यक्ष काही कृती केली हे सिद्ध व्हायलाच हवे असे नाही. त्याआधी, १९२४ मध्ये, टपाल कार्यालयावर चालून गेलेल्या टोळीतील बरेंद्रकुमार घोष याचा ‘गोळी मी झाडली नाही, मी बाहेर अंगणात उभा होतो’ हा बचाव प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, फेटाळला होता. बघ्या कोण आणि साथीदार कोण, हे पुराव्यावरून शेवटी न्यायालयात ठरते. अटक, जामीन आणि तारखा त्याच्या आधीच येतात. जुगाराच्या अड्ड्यावर तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम ५ उलटेच गृहीत धरते : खेळ चालू असताना तेथे सापडलेला माणूस, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, जुगारासाठीच आलेला समजला जातो. आणि बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा आदेश झाल्याचे ठाऊक असूनही तेथे थांबणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लेख लांबला आणि भाषा जड आहे, या आपल्या उरलेल्या तक्रारींवर मी वेळ घालवणार नाही. भावाच्या निकालपत्राची प्रत माझ्यापाशी आहे. वाचायची असल्यास कळवावे, नावे झाकून पाठवीन.