बूड लावून ढकला

"सपाट आहे बाबा, एकदम सोपं. गोल फिरून परत घरी," असं मुलगी म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सोपं म्हणून सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीने आजवर माझं भलं केलेलं नाही. मग ते सुलभ हप्ते असोत की सुलभ आसनं.

मंगळवार होता. पश्चिम लंडनमधल्या तिच्या फ्लॅटात दोन खोल्यांत दोन मीटिंगा सुरू व्हायच्या होत्या, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाप चहाचे कप घेऊन कॅमेऱ्यामागून सारखे ये-जा करत होते. म्हणून आम्हाला हॅनवेलच्या कालव्यावर धाडण्यात आलं. ब्रेंट नदीच्या काठाने जायचं, इंजिनिअर ब्रुनेलच्या व्हायाडक्टच्या, म्हणजे उंच रेल्वेपुलाच्या, आठ कमानी बघायच्या, कालव्याला लागायचं, बोटी वर-खाली नेणारे सहा लॉक चढायचे आणि परत फिरायचं. नदी झाली, कमानीही झाल्या. हिने कमानीखाली दोन फोटो काढले, त्यातल्या एकात मी आहे, अर्धा.

कालव्याचं आम्हा पुणेकरांना काय कौतुक? पुण्यात खडकवासल्याहून येणारा कालवा आयुष्यभर पाहिला. २०१८ साली त्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळ घराघरांत पाणी शिरलं, आणि ती उंदीर-घुशींनी पोखरली होती असा खुलासा ऐकायला मिळाला. इथे १७९४ सालचा कालवा, काठावर घोड्यांची वाट, आणि घुशी दिसेनात. त्याची मला थोडी असूया वाटली हे कबूल करतो.

वाट घोड्यांची म्हणजे खरोखरच घोड्यांची. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. शेजारून रेल्वे आल्यावर इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजून पाण्यात पडत, म्हणून ते बाहेर यावेत यासाठी काठाला जागोजागी उतार बांधले. घोड्याची इतकी काळजी! मी हिला म्हणालो, "बघ, जनावराचीसुद्धा सोय केलीय." अर्ध्या तासात त्याच वाटेवर माझी जी सोय झाली, ती आता सांगतो.

दुसऱ्या लॉकपाशी एक लांबलचक, निमुळती बोट उभी होती. बोटीवर पंच्याहत्तरीच्या एक आजी, पायात गमबूट, कमरेला लोखंडी हँडल खोचलेलं, आणि छतावर पांढऱ्या दाढीचा एक कुत्रा. आजींनी मला नखशिखान्त न्याहाळलं. गुरांच्या बाजारात बैल न्याहाळतात तसं.

"तुम्ही धडधाकट दिसता, माय लव्ह. जरा हात लावता का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. "लव्ह म्हणाली?"

"तशी पद्धत आहे इथली."

"आणि धडधाकट?"

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट खालच्या दाराने हौदात घ्यायची, दार लावायचं, हँडल फिरवून वरची झडप उघडायची, हौद भरला की बोट वर येते, मग वरचं दार उघडायचं. दाराला टेलिफोनच्या खांबाएवढा आडवा दांडा असतो, तो ढकलायचा. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मी सरळ जाऊन दोन्ही हातांनी जोर लावला. दार हललं नाही. आणखी जोर लावला. पाठीत काहीतरी बोललं.

"अजून नाही," आजी शांतपणे म्हणाल्या. "दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय कोणी ढकलू शकत नाही. पाण्याशी भांडायचं नसतं."

मी थांबलो. पाणी चढत होतं, इंच-इंच. कुत्रा माझ्याकडे बघत होता. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, मी बाजूला झालो, तरी त्याने पुन्हा वाजवली.

"आता. हातांनी नाही, बूड लावा! पाठ करून बसल्यासारखं टेका, टाचा विटांत रोवा आणि मागे रेला."

जमिनीत खरंच उंच विटांच्या ओळी होत्या, टाचा रोवायला. दोनशेहून जास्त वर्षं माणसं इथे बूड लावत आली असणार. मी लावलं. ही फोटो काढत होती, आणि या फोटोत मी पूर्ण आलो. समोर लांबलचक विटांची भिंत होती, १८३१ सालच्या मनोरुग्णालयाची. तिथे डॉक्टर कोनोलीने १८३९ साली रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं. भिंतीपलीकडे माणसांना मोकळं केलं आणि अलीकडे मला जुंपलं.

दार सरकलं! खरं सांगतो, अंगावर रोमांच आले. निवृत्तीनंतर चार वर्षांत मी ढकललेली आणि हललेली ही पहिलीच गोष्ट. बोट डौलात बाहेर पडली. आजी वळल्या, प्रेमाने हसल्या आणि म्हणाल्या, "गुड बॉय!"

मी छाती काढून म्हणालो, "थँक यू, मॅडम."

त्यांनी खिशातून बिस्किट काढलं आणि छतावर टाकलं. कुत्र्याने वरच्यावर झेललं.

वर आणखी चार लॉक बाकी होते, आणि आजींनी पुढच्या लॉककडे बोट दाखवलं. मी गेलोही. का गेलो? कारण परत गेलो असतो तर घरी मीटिंगा चालू होत्या. खरं सांगायचं तर तेच जास्त लागलं. तिथे मला कोणी घरात ठेवायला तयार नव्हतं, इथे निदान दांडा तरी होता. मुलांना आपण बोट धरून चालायला शिकवतो, मग ती आपल्याला चालायला पाठवतात. तेही वेळ बघून, चार ते साडेपाच.

चारही दारं मी उघडली. 'गुड बॉय' चारदा ऐकलं, बिस्किटं चार गेली. मी मोजत होतो.

संध्याकाळी जावई म्हणाला, "कसा वाटला वॉक, बाबा? सोपा होता ना?" मी हो म्हणालो. हिने मात्र फॅमिली ग्रुपवर फोटो टाकलेला होता, दांड्याला टेकलेला, डोळे मिटलेला. नाशिकच्या मेव्हण्याने विचारलं, "भावजींना चक्कर आली का?"

रात्री तहान लागली म्हणून उठलो, हिच्याही उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली. दिवा मालवला. अंधारातून आवाज आला, "गुड बॉय."

बिस्किट मात्र हिनेही दिलं नाही.