ऑस्करचा प्रचार आणि ऑस्करचे मत : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ऑस्कर विकत मिळतो, मूठभर परीक्षकांना मेजवान्या, भेटवस्तू आणि पॅरिसच्या सहली दिल्या की काम होते, प्रचाराला तिथे नियम नाहीत, असलेच तर ते कागदावर आहेत आणि आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही, ‘नाटू नाटू’ या गाण्यासाठी ८० कोटी रुपये ओतले म्हणून ते जिंकले, आणि ‘श्वास’कडे पैसा नव्हता म्हणून तो हरला, सबब तेव्हा मराठी माणसाने दिलेली वर्गणी पाण्यात गेली. मला हा संदेश चार जणांनी पाठवला. त्यांतले दोघे हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे निष्ठेने काम करणारे आहेत, आणि त्यांचाही यावर विश्वास बसावा याचे मला वाईट वाटले. पुरस्कारांवर टीका अवश्य व्हावी, पण ती खऱ्या दोषांवर व्हावी, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा परीक्षकांचा. आपल्याला परीक्षक म्हटले की राज्य नाट्य स्पर्धेचे सांगली केंद्र आठवते : मोजके परीक्षक सर्व प्रयोग स्वतः बसून पाहतात आणि निकाल देतात. ऑस्करची रचना अशी नाही. ऑस्कर देणाऱ्या, १९२७ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या अकादमीचे मतदार सदस्य आज दहा हजारांच्या आसपास आहेत, ते अनेक देशांत विखुरलेले आहेत आणि अभिनय, दिग्दर्शन, संकलन, संगीत, ध्वनी, वेशभूषा अशा शाखांमध्ये विभागलेले आहेत. नामांकनाच्या फेरीत बहुतेक गटांत त्या त्या शाखेचे लोकच मत देतात, म्हणजे संकलनाची नावे संकलक सुचवतात आणि अभिनयाची नट. अंतिम फेरीत मात्र सर्व सदस्यांना सर्व गटांत मत देता येते. मतदान गुप्त असते आणि मतमोजणी १९३०च्या दशकापासून बाहेरच्या लेखापाल संस्थेकडे आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९च्या चित्रपटांपासून पसंतीक्रमाची पद्धत आहे : पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर सर्वांत मागचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. इतक्या विखुरलेल्या मतदारसंघात ‘मूठभर परीक्षक’ सापडणार कुठे? एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. लहान शाखेच्या नामांकनात थोडी मतेही निर्णायक ठरू शकतात, आणि नियमभंगाची सर्वांत गाजलेली दोन प्रकरणे नेमकी अशाच शाखांमधली आहेत. त्यांकडे पुढे येतो.

नियमच नाहीत, हे विधान सर्वांत सहज खोडता येण्यासारखे आहे. निवडणुकीत आचारसंहिता असते तशीच अकादमीची प्रचारसंहिता आहे, आणि ती वेळोवेळी बदलत, कडक होत गेलेली आहे. मतदारांना भेटवस्तू देता येत नाहीत. चित्रपटसंस्थेला सदस्यांना ईमेल पाठवायचा असेल तर तो अकादमीने मान्य केलेल्या यंत्रणेमार्फत आणि आठवड्यातून एकदाच पाठवता येतो. नामांकनापूर्वी चित्रपटाचे खास खेळ ठेवणे, नंतर दिग्दर्शकाशी किंवा कलावंतांशी प्रश्नोत्तरे करणे, सोबत खाणेपिणे ठेवणे चालते. नामांकने जाहीर झाल्यावर मात्र त्या चित्रपटाच्या प्रचारासाठीच्या मेजवान्यांना सदस्यांना बोलावता येत नाही, हे बंधन २०११ साली आले. त्याच वर्षी आणखी एक नियम झाला, जो मला विशेष महत्त्वाचा वाटतो : प्रतिस्पर्धी चित्रपटाची जाहीर बदनामी करणाऱ्या सदस्याला पहिल्या वेळी एक वर्षाचे निलंबन, आणि पुन्हा तसे केल्यास हकालपट्टी. २०२३ साली खासगी मेळाव्यांच्या आडून होणाऱ्या प्रचारालाही आळा घालण्यात आला. अशा मेळाव्यांचा खर्च चित्रपटसंस्थेने उचलू नये आणि सदस्यांनी आपले मत कोणाला, हे जाहीर बोलू नये, असे स्पष्ट करण्यात आले. २०२५ साली तर याहून मूलभूत बदल जाहीर झाला : अंतिम फेरीत एखाद्या गटात मत द्यायचे असेल तर त्या गटातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम इतक्या उशिरा आला याबद्दल अकादमीला जरूर बोल लावावा. पण जिथे न पाहता मत देण्यावरही आता बंदी आहे, तिथे नियमच नाहीत असे म्हणता येत नाही.

पॅरिसच्या सहलीची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. ती खरी आहे, फक्त ती ऑस्करची नाही. गोल्डन ग्लोब हे पुरस्कार तेव्हा हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांची एक छोटी संघटना देत असे आणि तिचे सदस्य शंभराच्याही आत होते. २०१९ साली एका मालिकेच्या चित्रीकरणस्थळी या संघटनेच्या तिसाहून अधिक सदस्यांना पॅरिसला नेण्यात आले, पुढे त्या मालिकेला नामांकने मिळाली, आणि लॉस एंजेलिस टाइम्सने २०२१ साली हे सारे उजेडात आणले. तेव्हाच्या ८७ सदस्यांमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता, हेही त्याच वेळी पुढे आले. परिणाम गंभीर झाला : २०२२चा सोहळा दाखवण्यास वाहिनीने नकार दिला आणि २०२३ साली ती संघटनाच गुंडाळण्यात आली. मतदार थोडे असले आणि नियम सैल असले की काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. संदेश लिहिणाऱ्याने ते गोल्डन ग्लोबच्या नावाने दिले असते तर मी त्याला दुजोरा दिला असता.

आता शिक्षेचा मुद्दा. २०१० साली ‘द हर्ट लॉकर’ या चित्रपटाच्या एका निर्मात्याने परिचित मतदारांना ईमेल पाठवून, पन्नास कोटी डॉलरच्या चित्रपटाला नव्हे तर आपल्या चित्रपटाला मत द्या, अशी विनंती केली. प्रतिस्पर्ध्यावरचा रोख उघड होता. अकादमीने त्याला सोहळ्याला येण्यास मनाई केली. त्याच रात्री त्याचा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला आणि तो सभागृहात नव्हता. २०१४ साली ब्रूस ब्रॉटन या संगीतकाराच्या गाण्याचे नामांकन रद्द झाले. तो संगीत शाखेचा माजी पदाधिकारी आणि तेव्हा तिच्या कार्यकारी समितीचा सदस्य होता. त्याने शाखेतल्या सत्तरएक सहकाऱ्यांना ईमेल पाठवून आपल्या गाण्याकडे लक्ष वेधले होते. त्या शाखेत सदस्य सुमारे २४० होते. त्याने एकाही मताचे पैसे दिले नव्हते. पदाच्या ओळखीचा उपयोग स्वतःच्या कामासाठी केला, एवढेच कारण पुरेसे ठरले. २०१७ साली ध्वनिमिश्रक ग्रेग रसेल याचे नामांकन सोहळ्याच्या आदल्या दिवशी मागे घेण्यात आले, कारण नामांकनाच्या टप्प्यात त्याने शाखेतल्या सहकाऱ्यांना दूरध्वनी केले होते. हे त्याचे सतरावे नामांकन होते आणि आधीच्या सोळांपैकी एकातही त्याला पुरस्कार मिळालेला नव्हता. ही शिक्षा कठोर होती, असे मला आजही वाटते. पण संदेशाचे म्हणणे नेमके उलट आहे, की कोणाला काहीच होत नाही.

या यादीत २०२३चे एक प्रकरण वेगळे आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘टू लेस्ली’ या लहान चित्रपटासाठी अँड्रिया राइसबरो हिला नामांकन मिळाले, तेव्हा नामवंत कलावंतांनी समाजमाध्यमांवर आणि आपापसांत केलेल्या शिफारशींबद्दल आक्षेप घेतले गेले. अकादमीने चौकशी केली, काही पद्धतींबद्दल नापसंती नोंदवली, पण नामांकन कायम ठेवले. ते योग्य होते का, यावर दुमत होऊ शकते. प्रचाराला पैसा नसलेल्या चित्रपटाने ओळखीच्या बळावर वाट काढली तर तो अन्याय म्हणायचा की न्याय, हे मलाही एका वाक्यात सांगता येत नाही. त्यानंतर काही महिन्यांतच वर सांगितलेले २०२३चे नियम आले.

‘नाटू नाटू’चे ८० कोटी हा आकडा २०२३ पासून फिरतो आहे आणि त्याला हिशेबाचा आधार कोणीही दिलेला नाही. दिग्दर्शक राजामौली यांचे पुत्र आणि प्रचाराची धुरा सांभाळणारे कार्तिकेय यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले की अंदाज पाच कोटींचा होता आणि खर्च सुमारे साडेआठ कोटी झाला. हा निर्मात्यांच्या बाजूचा आकडा आहे, त्यामुळे तोही डोळे मिटून स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु साडेआठ कोटी घेतले तरी ते कशावर खर्च होतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेत चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लावणे, मोठ्या पडद्यावर खेळ ठेवणे, चमूचा प्रवास आणि मुक्काम, जाहिराती, प्रचारक संस्थेचे शुल्क. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा पोते उघडून माल दाखवावाच लागतो; त्यासाठी वाहतूक, हमाली, तोलाई हा खर्च शेतकरी सोसतो, आणि त्याने व्यापाऱ्याला लाच दिली असे कोणी म्हणत नाही. माल दाखवण्याचा खर्च आणि भाव फोडण्यासाठी दिलेले पैसे यांत जो फरक आहे, तोच फरक चित्रपट मतदारापर्यंत नेण्यात आणि मत विकत घेण्यात आहे. संदेशाने हे दोन्ही एकाच मापाने मोजले आहे.

‘श्वास’बद्दलचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत लागलेला आहे. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा पहिला मराठी चित्रपट भारतातर्फे ऑस्करला जातो आहे, हे २००४ साली कळले तेव्हा महाराष्ट्रभर वर्गणी जमली आणि आमच्या घरातूनही आईने थोडे पैसे दिले होते. ते पाण्यात गेले असे मी मानत नाही. त्या काळी परभाषिक चित्रपटांचे नामांकन ठरवण्याचे काम लॉस एंजेलिसमधली स्वयंसेवी सदस्यांची समिती करत असे. पाठवलेला प्रत्येक चित्रपट अकादमी स्वतः त्या समितीला पडद्यावर दाखवत असे, आणि अंतिम फेरीतही पाचही चित्रपट चित्रपटगृहात पाहिलेल्यांनाच मत देता येई. म्हणजे पैशाअभावी तो कोणी पाहिलाच नाही, हे म्हणणे टिकत नाही. सुमारे पन्नास देशांच्या चित्रपटांतून पाच निवडले गेले आणि त्यांत ‘श्वास’ नव्हता. चर्चा घडवायला, सदस्यांना खेळाची आठवण राहावी यासाठी पैसा उपयोगी पडतो हे खरे, आणि त्यासाठीच ती वर्गणी होती. पण पैसा आणि प्रसिद्धी पुरेशी असती तर ‘लगान’ जिंकला असता. त्यामागे आमिर खान यांच्यासारखा तारा आणि मोठा अमेरिकी वितरक होता, नामांकनही मिळाले. २००२ साली पुरस्कार मात्र बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेला.

या संदेशात एक खरी उणीव सांगायची राहून गेली आहे. अकादमीची संहिता प्रचार कसा करावा हे सांगते, प्रचारावर किती खर्च करावा हे सांगत नाही. आपल्या विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. ती कशी पाळली जाते हा वेगळा विषय, पण मर्यादा कायद्याने घातलेली आहे. ऑस्करच्या प्रचाराला अशी मर्यादा नाही. मोठ्या कंपनीचा चित्रपट महिनोन् महिने जाहिरातींत राहतो आणि लहान देशाचा, वितरक नसलेला चित्रपट मागे पडतो, हे नियम पाळूनही घडते. त्यात भारतातर्फे पाठवायच्या चित्रपटाची निवड सहसा सप्टेंबरच्या अखेरीस जाहीर होते आणि परभाषिक गटातल्या पंधरा चित्रपटांची अकादमीची पहिली यादी डिसेंबरात येते. तेवढ्या अवधीत ज्या निर्मात्याला अमेरिकेत वितरक शोधायचा, प्रचारक नेमायचा आणि पैसा उभा करायचा आहे, त्याचे हात बांधलेलेच असतात. निवड करणाऱ्या फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ती निदान महिनाभर आधी करावी, आणि अकादमीने खर्चाला मर्यादा घालावी, या दोन मागण्या आपण सांगलीतूनही लेखी पाठवू शकतो. माझे पत्र तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी ते वाचून, हवे ते बदल सुचवून करावी.